नावं ठेवणारी बाई

कुमुद गेल्याची बातमी मला चित्रातून कळली. आमच्या कॉलेजातल्या जुन्या शिक्षकांचा व्हॉट्सअॅपवर एक गट आहे. एरवी तिथे सकाळी सूर्योदय येतात, गुलाब येतात. त्या सकाळी तेवत्या समईशेजारी काळा चष्मा लावलेली कुमुद आली. खाली वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रज्ञाचक्षू कुमुदताईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. मी वर्ध्याला मुलीकडे होते, हातात चहाचा कप होता. खरं सांगते, रडू येण्याआधी मला संताप आला. कारण हेच चित्र कुमुदच्या मोबाईलवर आलं असतं, तर मोबाईलने तिला त्यातला एक शब्दही वाचून दाखवला नसता. तो नुसता म्हणाला असता, 'चित्र'. आंधळ्या माणसालाही वाचता येईल असं काही तरी करा, हे जगाला सांगण्यात जिची शेवटची वर्षं गेली, तिच्या मरणाची बातमी नेमकी तिला कळणार नाही अशा तऱ्हेने कळवायचा पराक्रम आमच्या गटाने केला होता. खाली एकामागून एक जोडलेले हात येत राहिले. मी फोन उपडा ठेवला आणि हिंगणघाटच्या बसला निघाले...

कुमुद समुद्रपूरकडची. वडील एसटीत कंडक्टर, घरात बोलणं अस्सल वऱ्हाडी. ती हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात सांख्यिकी शिकवायला आली तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होते. माझे आईवडील मास्तर, त्यामुळे मी लहानपणापासून पुस्तकात असतं तसं बोलणारी. पहिल्याच दिवशी ती स्टाफरूममधल्या फळ्यासमोर उभी राहिली. त्यावरचा सुविचार मी लिहिलेला होता. "मराठीच्या मॅडम तुमीच ना?" तिने विचारलं. "मंग 'आशीर्वाद'मधला शी ऱ्हस्व कायले लिवला?" ओळख नाही, पाळख नाही. मला ती अजिबात आवडली नाही. आठवडाभरात तिची कॅन्टीनच्या चहाला, माझ्या साडीच्या काठाला आणि प्राचार्यांच्या निकालपत्रकाला नावं ठेवून झाली होती. प्राचार्य निकालाची सरासरी काढताना नापास पोरांना धरतच नसत, हे तिने भर सभेत सांगितलं होतं. गावात तिला 'नावं ठेवणारी बाई' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. पण स्वतःलाही ती सोडायची नाही. आपण केलेल्या पिठल्याचा घास घेऊन म्हणायची, "यापेक्षा ढेप बरी, ढोरं तरी खातेत." शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले की जीभ सोडली तर कुमुदताई मनाने फार चांगल्या होत्या. जीभ सोडली तर कुमुद उरते कुठे? या गृहस्थांना तीस वर्षांत ती कळली नाही, आणि त्यांनी तिच्यावर पाच मिनिटं भाषण केलं.

काचबिंदू निघाला तो उशिरा. नजर कडांकडून जात होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा वणा नदीच्या पुलावरून चालताना ती मला म्हणाली, "शैले, तू आता मले मधातली तेवढी दिसून राह्यली. कडा गेल्या." तीच पुढे म्हणाली, "तसंही तुह्या कडांत काय ठेवलं हाय." नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि हळूहळू मधलंही गेलं. त्यानंतर जे झालं त्याची मला आजही किळस येते. लोक गोड झाले. ज्यांनी जन्मात तिच्याशी सरळ तोंडाने बोलणं केलं नव्हतं ते तिचा हात धरून रस्ता ओलांडून देऊ लागले, तिला ओलांडायचा नसला तरी. तिने काहीही केलं तरी 'वा, किती छान'. एके दिवशी तिच्याकडे गेले तर ती खिन्न बसलेली. असं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "आज माह्या चहात साखरच नोती. चौघं पिऊन गेले, कोणी बोललं नाई. म्हंजे मी मेली समज."

प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा सोबत मी होते. हे गृहस्थ मऊ बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. मऊ बोलणं म्हणजे चांगुलपणा अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ते म्हणाले, "मॅडम, चाचणीचे आणि सराव परीक्षेचे पेपर यापुढे तुम्ही नका काढू. तुम्ही सांगणार, दुसरं कोणी टाईप करणार. गोपनीयतेचा प्रश्न आहे. पेपर फुटला तर नाव कॉलेजचं खराब होते. तुम्ही आराम करा ना." कुमुद म्हणाली, "मले आराम पाह्यजे असं कोणं सांगतलं तुमाले?" प्राचार्य हसले. आंधळ्या माणसासमोर हसलं की चालतं, असं त्यांना वाटत असावं. ते हसणं तिला ऐकू आलं होतं. बाहेर आल्यावर ती भिंतीला हात लावून उभी राहिली. पेपर काढणं हे आमच्यापैकी बहुतेकांना ओझं वाटायचं, मागच्या वर्षीचे आकडे बदलून आम्ही मोकळ्या व्हायचो. तिचं तसं नव्हतं. ती दर वर्षी नवा तक्ता रचायची, त्यात सरकीचे भाव असत, एसटीच्या फेऱ्या असत, आणि त्यात एखादी जागा अशी असे की रट्टा मारलेला पोरगा तिथे अडकलाच पाहिजे. तो पेपर ती स्वतःच्या हाताने, दुसऱ्या कुणाच्या नजरेस न पडू देता काढत होती आणि त्याची जबाबदारी तिची होती. ते गेलं तर ती कॉलेजात शोभेची कुंडी होऊन बसणार होती. तिला पेपर परत हवा होता. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

म्हणून कॉम्प्युटर. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम तिने नागपूरच्या एका शिबिरातून बसवून आणला, आणि त्याच्यासोबत फुकट मिळणारं एक ऑफिस सॉफ्टवेअर. पत्र लिहायचं, तक्ते करायचे, सगळं त्यात होतं. हे सॉफ्टवेअर कुणा एका कंपनीच्या मालकीचं नव्हतं. जगभरची माणसं मिळून ते लिहितात, त्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो, आणि ज्याला येतं त्याने दुरुस्ती करून पाठवावी असा रिवाज असतो, असं तिनेच मला समजावलं. पहिल्यांदा ते चालू केलं तेव्हा मी शेजारी होते. तिने टॅबची कळ दाबली. खडे चावल्यासारख्या आवाजात यंत्र म्हणालं, "बटन." पुन्हा दाबली. "बटन." पुन्हा, "बटन." मला पडद्यावर छपाईयंत्र, कात्री, खोडरबर अशी चित्रं दिसत होती. ज्यांनी ती चित्रं काढली त्यांना त्यांच्या पाठीमागे नाव लिहून ठेवावंसं वाटलंच नव्हतं. तक्त्यात शिरल्यावर तर आपण कुठल्या ओळीत आहोत, कुठल्या रकान्यात, काहीच बोलेना. कुमुद बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "याइचं बारसं कोणं केलंच नाई वाटते."

तिने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना परदेशी कळवलं. एकाने शिष्टपणे उत्तर दिलं की ही अडचण फार थोड्या लोकांना येते, सवडीने पाहू. मी ते तिला वाचून दाखवायला लागले तर तिने थांबवलं, यंत्राकडूनच ऐकलं, आणि मग आठवडाभर तिचा पट्टा चालू होता. "थोडे म्हंजे किती? मोजले कोणं? ज्याले वापरताच येत नाई, तो त्याइच्या मोजणीत येईन कसा?" सांख्यिकीच्या बाईला असं उत्तर पाठवणाऱ्याची मला कीवच आली. मग ती कोड शिकली. या वयात, कानाने. कंस, अर्धविराम, रिकाम्या जागा, सगळं यंत्र तिला बोलून दाखवायचं आणि ती मान हलवत ऐकायची. मी जायचे तेव्हा मला त्यातलं काही कळत नसे. तिने पाठवलेली पहिली दुरुस्ती एका माणसाने सरळ परत केली. ओळींची मांडणी चुकली होती, एके ठिकाणी तर्क कच्चा होता, आणि हे सगळं त्याने कसलीही साखर न घालता लिहिलं होतं. कुमुद डोळ्याने पाहू शकत नाही हे त्याला ठाऊक होतं; तिनेच लिहिलं होतं. तरी त्याने झोडपलं. मला राग आला. ती मात्र कित्येक महिन्यांनी खुलली होती. "त्यानं मले नावं ठेवली, शैले. गंज दिवसानं कोणं तरी नावं ठेवली. जीवाले बरं वाटलं." त्या अनोळखी माणसाला तिने दुरुस्ती पुन्हा करून पाठवली, त्याने पुन्हा परत केली, आणि तिसऱ्यांदा केव्हा तरी ती घेतली गेली. त्यानंतर बटनं बोलू लागली. कुणी विचारलं की सध्या काय चाललंय, तर ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "काही नाई, बटनाइले नावं ठेवतो." लोकांना वाटे स्वभाव.

इंग्रजी नावांनंतर ती मराठी नावांकडे वळली. ते काम काही विद्वानांनी आधीच करून ठेवलं होतं आणि कुमुदला ते ऐकवेना. "'जतन करा' म्हणे. फाईल हाय का कपाशीचं बियाणं?" स्वतःच्या यंत्रात तिने सगळी नावं बदलून टाकली. ठेवजो, खोडजो, छापजो. सॉफ्टवेअर बंद करायचं जे बटन असतं त्याला विद्वानांनी नाव दिलं होतं 'बाहेर पडा'. त्यावर तर ती उखडलीच. "घरातून हाकलून राह्यले काय माणसाले?" आमच्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि दारापर्यंत आलेलं घरचं माणूस म्हणतं, 'येजो'. म्हणून तिच्या यंत्रात त्या बटनाचं नाव होतं 'येजो'. मला तिने यावरूनही सोडलं नाही. मी निघताना 'येते' म्हणायचे, बरोबर मराठीत. ती तिथूनच ओरडायची, "येते म्हणे. पुण्याची व्हय काव तू? आपल्या इकडं बाईबी येतोच म्हंते." मी म्हणायचे की व्याकरणात कर्ता स्त्रीलिंगी आहे. ती म्हणायची, "कर्त्याले आधी येऊ तं दे." हे आमचं वर्षानुवर्षं चाललं.

मग तो घोटाळा झाला. घरची नावं वेगळी आणि जगाला पाठवायची वेगळी असे दोन गठ्ठे तिने केले होते. एकदा त्यांची अदलाबदल झाली आणि घरचा 'येजो' जगभरच्या मराठी आवृत्तीत जाऊन बसला. कुठल्या कुठल्या शहरांतल्या लोकांना काम आटोपताना त्यांचा कॉम्प्युटर 'येजो' म्हणू लागला. मराठीकरण सांभाळणाऱ्या मंडळींचं तातडीने पत्र आलं की 'येजो' हा शब्द प्रमाण मराठीत आढळत नाही. कुमुदने लिहिलं, "'बाहेर पडा' हे माझ्या घरात आढळत नाही. तरी नजरचूक झाली, क्षमस्व." आणि मला म्हणाली, "पाह्यलं का? मलेबी नजरचूक करता येते." तिने तो शब्द काढून टाकला. चूक ती चूक, एवढं ती मानायची. स्वतःच्या यंत्रात मात्र तसाच ठेवला.

तक्ता बोलू लागला तेव्हा तिने सराव परीक्षेचा पेपर काढला. घराचं दार लावून, एकटीने. तो घेऊन आम्ही प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी प्रेमळपणे विचारलं, "कोणाकडून टाईप करून घेतला?" ती म्हणाली, मी केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आंधळ्या माणसाबद्दल काही विचारायचं असलं की सोबतच्याकडे पाहायचं, ही सवय भल्याभल्यांना असते. मी छताकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "बरं, करून दाखवा." कुमुदने लॅपटॉप उघडला आणि कानात इअरफोन घातले. तिचा पडदा कायम काळाच असे. उजेड तिला कशाला हवा होता? प्राचार्य खुर्ची ओढून जवळ आले आणि काळ्या पडद्याकडे पाहत बसले. तिची बोटं चालत होती. काही वेळाने ते म्हणाले, "मॅडम, काही दिसत नाही." कुमुद म्हणाली, "बरोबर हाय सर. पेपर गोपनीय असते." मी तोंडाला पदर लावला. त्या क्षणाइतकं सुख मला त्या कॉलेजात दुसरं कधी झालं नाही. पेपर तिच्याकडे परत आला.

आणि त्या पेपरात चूक निघाली. तिसऱ्या प्रश्नातल्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीतली बेरीज चुकली होती. पोरं बोंबलली, वर्गावरच्या शिक्षकाची धावपळ झाली. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं तर त्याला मेमो मिळाला असता आणि लेखी खुलासा द्यावा लागला असता. मलाही एकदा मिळाला होता. कुमुदला काही मिळालं नाही. प्राचार्य म्हणाले, "जाऊ द्या, त्यांना कुठे दिसतं." ते तिच्या कानावर गेलं आणि ती तरातरा केबिनमध्ये शिरली, दाराला खांदा आपटला तरी. "बेरीज कानानं केली सर, डोळ्यानं नाई. ध्यान दुसरीकडं होतं, म्हणून चुकली. मले मेमो द्या." प्राचार्य म्हणाले, "अहो मॅडम, काय हे, आम्ही तुम्हाला मेमो देऊ का?" ती म्हणाली, "काऊन नाई देणार? भोयर सरले देता, शैलाले देता. माही चूक चूक नोय काय?" दर महिन्याला ती मागणी करायची. निवृत्तीपर्यंत करत राहिली. प्राचार्य दर वेळी मऊ हसत. निरोप समारंभात तिला मानपत्र मिळालं, काचेच्या चौकटीत, छापील, त्यावर बोट फिरवलं तर नुसती काच लागायची. मेमो शेवटपर्यंत मिळाला नाही.

शोकसभा दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्याच सभागृहात झाली. मंचामागे फ्लेक्स, त्यावर पुन्हा समई. एकेकजण उठून भाषणात अंधारातून प्रकाशाकडे जात होता. कुमुदने काय काम केलं हे एकालाही सांगता येईना. 'कॉम्प्युटरवर काही तरी' असं एकजण म्हणाला आणि खाली बसला. शेवटी प्राचार्य उठले, आता तेही निवृत्त, आवाज पूर्वीपेक्षा मऊ. म्हणाले, "आम्ही ताईंना कधी वेगळं जाणवू दिलं नाही. एकदा त्यांच्या हातून मोठी चूक झाली, पण आम्ही ती पोटात घातली." सभागृह हळहळलं. माझं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं. मी उभी राहिले.

मी म्हणाले, "सर, ती चूक पोटात घाला असं ती म्हणाली नव्हती. तिने मेमो मागितला होता, तो तुम्ही दिला नाही. म्हणून आज मी देते. तिसऱ्या प्रश्नाच्या तक्त्यात कुमुदची बेरीज चुकली. निष्काळजीपणा होता. तिच्यासारख्या बाईकडून ही अपेक्षा नव्हती." सगळे माझ्याकडे पाहत होते. पुढच्या रांगेतून कुणी तरी पुटपुटलं की गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. मी म्हणाले, "याच माणसाला ठेवावीत. तुम्ही ती ठेवायची बंद केलीत, तेव्हाच तिला मारलंत." आणि बाहेर पडले. त्या दुपारी एवढ्या लोकांत मीच एकटी कुमुदबद्दल बोलले, असं मला अजूनही वाटतं.

तिथून तिच्या घरी गेले. ती भावाकडे राहायची, मागच्या खोलीत. रंजनावहिनी सकाळी चहा घेऊन गेल्या तेव्हा ती झोपेतच गेलेली होती. तो कप अजून तिथेच टेबलावर तसाच होता. वहिनी दारातच थांबल्या. "ताई, तेवढं ते बंद करून देता काय? कुमुदताई गेल्यापासून चालूच हाय. हात लागला का बोलते. मले भेव वाटते." लॅपटॉपचा पडदा काळा होता. मी खुर्चीत बसले आणि कळ दाबली. आतला कागद कोरा होता, तेही यंत्रानेच सांगितलं. बरं झालं, काही लिहिलेलं असतं तर कुणी तरी त्याचं चित्र करून गटावर टाकलं असतं. मी टॅब दाबत गेले. खडे चावणारा तो आवाज एकेक नाव घेत गेला. ठेवजो. खोडजो. छापजो. मला डोळे असून काही दिसत नव्हतं, म्हणून मी तिच्यासारखी कानाने चालले होते. किती तरी वेळ मला ते संपवायचं नव्हतं. वहिनी दारात उभ्या होत्या.

शेवटचं बटन आलं.

"येजो," यंत्र म्हणालं.

माझं बोट कळीवर होतं. तोंडात 'येते' आलं होतं, जन्मभराचं, व्याकरणाला धरून. मी ते गिळलं.

"येतो," मी म्हणाले, आणि कळ दाबली.